मापाला दिलेले ब्लाउज

पाचव्या महिन्यात पोट झाकायचे असेल तर सैल कपडे घालू नयेत. सैल कपड्यांमुळे ही बाई काहीतरी लपवते आहे, एवढे चटकन कळते. कपडे अंगाबरोबर असावेत, कडक इस्त्रीचे असावेत आणि त्यांत नजर खिळेल अशी एखादी जागा पोटापासून दूर असावी : गळ्याची पट्टी, बाहीची कड, खांद्यावरची ठसठशीत पिन. गबाळ्या बाईच्या अंगाकडे लोक पाहतात, नीटनेटक्या बाईच्या साडीकडे पाहतात. त्या वर्षी मी फार टापटीप राहत होते. सगळ्यांना ती हौस वाटली. मी मात्र रोज सकाळी आरशासमोर कडेने उभी राहून पोटाची रेघ तपासत असे.

कारण आधी सांगते. कोल्हारजवळच्या एका खासगी शाळेत मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. नेमणूक जून ते एप्रिल एवढीच असे. दर एप्रिलमध्ये संस्थेच्या मंडळासमोर मुलाखत होई आणि पुढच्या वर्षी कोणाला घ्यायचे ते तिथे ठरे. आदल्या वर्षी दोन शिक्षिकांना पुन्हा बोलावले नव्हते. दोघींनाही दिवस गेलेले होते. कोणी तसे लिहून दिले नाही, कोणी बोललेही नाही. यादी लागली आणि तीत त्यांची नावे नव्हती. माझे पती साखर कारखान्यात हंगामी कामावर होते. मार्चमध्ये गाळप बंद झाले की दिवाळीपर्यंत त्यांच्या हाताला नेमके काम नसे. त्या काळात घर माझ्या तासांवर चाले. म्हणून मुलाखत होईपर्यंत शाळेत कोणालाही कळू द्यायचे नाही, असे मी ठरवले. तपासणीलासुद्धा मी जवळ कुठे न जाता श्रीरामपूरला जात असे. जवळच्या दवाखान्याच्या बाकावर एखादी पालक भेटली असती तर सगळेच संपले असते.

नवे कपडे घेणे शक्य नव्हते. एका रविवारी मी कपाट पलंगावर रिकामे केले आणि धड्याचे टाचण काढावे तसे कपड्यांचे तीन ढीग केले : आत्ता चालणारे, उसवून चालणारे, बाळंतपणानंतर पाहायचे. तिसरा ढीग सर्वांत मोठा झाला. खळीच्या सुती साड्या त्यात गेल्या, कारण त्या पोटावर फुगतात. मऊ पडणाऱ्या क्रेपच्या साड्या हव्या होत्या. तशा दोन नणंदेने दिल्या, एक गडद जांभळी आणि एक काळपट हिरवी, दोन्ही बारीक काठांच्या. सासूबाईंच्या एका विटलेल्या मऊ साडीचा मी उंच कमरेचा कुर्ता शिवला. पतींचे लग्नातले जॅकेट खांद्यांत आणि उंचीत कमी करून त्या कुर्त्यावर घालायला घेतले. शनिवारी आम्हाला कुर्त्याची मुभा असे.

नेसण्याचीही एक पद्धत मी बसवली होती. निऱ्या मध्यावर न खोचता चार बोटे डावीकडे सरकवायच्या. पदर घड्या करून पिनने न आवळता एकेरी सोडायचा आणि त्याचे टोक मागून पुढे आणून उजव्या हातावर घ्यायचे. त्या हातात हजेरीपट धरायचा. फळ्यावर लिहिताना मुलांकडे पूर्ण पाठ करायची, कधीही कडेने उभे राहायचे नाही.

"मॅडम, हल्ली लईच फॅशन चाललीय तुमची," आमच्या ज्येष्ठ बाई एका शनिवारी स्टाफरूममध्ये म्हणाल्या. त्या गणित शिकवत आणि त्यांच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. "हे जॅकेट काय पुण्याहून मागवलं का?"

"घरातलंच आहे, बाई."

"घरात जॅकेटं पिकतात होय तुमच्या? आमच्या घरात नुसता कांदा पिकतो."

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसताना पोट हलते म्हणून हजेरीपट घट्ट धरला.

तेवढ्याने निभावले असते. पण मार्चच्या शेवटी, एप्रिलमधल्या संस्थेच्या वर्धापनदिनासाठी सर्व शिक्षिकांनी एकसारखी साडी नेसावी, असे ठरले. मोतिया रंगाची साडी, मरून ब्लाउज, तेही पाठीला हुक असलेले आणि अंगासरशी बसणारे. मुलाखतीही त्याच आठवड्यात होत्या आणि मुलाखतीला तोच वेश हवा होता. शिवणाऱ्या ताई गावातल्याच होत्या. मधल्या सुट्टीत त्या टेप घेऊन थेट स्टाफरूममध्ये आल्या. त्यांची रीत अशी की टेप लावायचा, आकडा मोठ्याने पुकारायचा आणि तो दुसऱ्या कोणीतरी वहीत उतरवून घ्यायचा. वही ज्येष्ठ बाईंच्या हातात होती.

"छाती अडतीस. कंबर... श्वास सोडा की वो बाई, कुटं पळून चाल्ली कंबर!"

"छाती अडतीसच लिहू का?" ज्येष्ठ बाईंनी विचारले. "मागच्या खेपेला छत्तीस होती."

"मागच्या खेपेला तुम्हीच चुकीचं लिहिलं," जिचे माप चालू होते ती शिक्षिका म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

माझा क्रम पाचवा होता. चौथीचे माप चालू असताना मी त्या वहीकडे पाहत होते. माझी सगळी मापे आदल्या वर्षीच्या त्याच वहीत होती. शेजारी शेजारी दोन आकडे लिहिले गेले असते आणि वजाबाकी करायला गणिताच्या बाई समोरच बसल्या होत्या.

"माझं मापाचं ब्लाउज आहे," मी म्हणाले. "तेच देते उद्या."

"अहो, टेप समोर असताना मापाचं ब्लाउज कशाला?"

"मला त्याचंच फिटिंग बसतं, बाई. टेपचं बसत नाही."

शिवणाऱ्या ताईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिले. "द्या की," त्या म्हणाल्या. "मला काय."

इथे मी जी चूक केली, ती शिस्तीत वाढलेली बाईच करू शकते. माझ्याकडे मापाला देण्याजोगे एकच ब्लाउज होते आणि महिन्यापूर्वीच मी त्याची बाजूची शिलाई उसवून ते एका बोटाने सैल केले होते. तसेच दिले असते तर निदान निम्मे काम झाले असते. पण सैल ब्लाउज पाहून ताईंना संशय येईल, असे माझ्या मनाने घेतले. म्हणून त्या संध्याकाळी मी नवी शिलाई उसवली, जुन्या रेषेवरून बारीक टाक्यांनी पुन्हा आवळली, वरून पाणी शिंपडून इस्त्री फिरवली आणि सकाळी ब्लाउज घडी करून देऊन आले. पुरावा नष्ट करण्याच्या नादात माझ्या जुन्या शरीराचे माप मी नव्या ब्लाउजसाठी दिले, हे मला रस्त्यात परत येताना कळले. परत जाऊन काय सांगणार होते?

त्याच आठवड्यात तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी पोटावरचा पदर बाजूला केला आणि हात थांबवला. परकराची नाडी जिथे येई तिथे लाल वळ उठला होता.

"हे काय? एवढं आवळून कोण बांधतं?"

मी म्हणाले, "शाळेत उभं राहावं लागतं."

"उभं राहायला नाडी कशाला आवळायला हवी?" त्या म्हणाल्या. त्यांनी उद्यापासून सैल बांधायला सांगितले. बसमध्ये मी तो वळ साडीवरून बोटाने चाचपत बसले होते. बाळाला काही कळत असेल का, हा प्रश्न तोवर माझ्या मनात आला नव्हता, याची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी नाडी मी पुन्हा तितकीच आवळली.

ब्लाउज शुक्रवारी हातात आले. मुलाखत सोमवारी होती. घरी दार लावून घालून पाहिले. बाह्या दंडात अडकल्या, आणि पाठीचे हुक व त्यांची घरे यांत चार बोटांचे अंतर राहिले. पतींनी मागून दोन्ही टोके ओढून पाहिली.

"श्वास आत घे."

"घेतलाय."

"मग हे होत नाही," ते हळू म्हणाले. नंतर म्हणाले, "दुसरं घाल ना एखादं."

"सगळ्यांचं मरून, पाठीला हुक. माझं एकटीचं वेगळं असलं की पहिला प्रश्न तोच येईल."

मी ते काढून पलंगावर फेकले आणि रडले. मग सवयीने उचलून घडी घालायला उलटे केले, तेव्हा दिसले की आतल्या बाजूला दोन्हीकडे चांगली दोन-दोन बोटे माया सोडलेली आहे. शिलाईत दडवून ठेवलेले जादा कापड. एवढी माया कोणी सोडत नाही. शिवाय बाजूच्या शिलाया मशीनच्या नव्हत्या. लांब लांब कच्चे टाके होते, नुसते ओढले तरी निघतील असे. बाह्यांनाही तसेच.

आनंद व्हायला हवा होता. मी उठून दाराची कडी नीट लागली आहे ना ते पाहिले. ताईंना कळले होते, आणि ताई संस्थेच्या सचिवांच्या घरचेही कपडे शिवत.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्या ओट्यावर मशीनला तेल देत होत्या.

"बसलं का मॅडम?"

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी माझे मापाचे ब्लाउज आतून आणले आणि उलटे करून उजेडात धरले. "ही बघा भोकं. आतल्या रेघंला शिलाई हाय, पन दोरा कोरा. बाहेरच्या रेघंला दोरा न्हाई, पन भोकं ताजी. म्हंजी बाई अंगानं भरली, ब्लाउज सैल केलं आन् मापाला देताना परत आवळलं. असं कोन करतं सांगा? इस्त्रीनं भोकं बुजत न्हाईत."

"कोणाला बोललात का?"

"कुनाला बोलू?"

"सचिवांच्या घरी जाता तुम्ही."

त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "मॅडम, गावातल्या समद्या बायांची मापं माज्याकडं हायेत. बोलायचं म्हनलं तर निम्म्या घरांत भांडनं लागतील." मग मशीनचे चाक फिरवून पाहत म्हणाल्या, "सोमवारचं निभंल. पन जूनात काय नेसनार?"

जूनचा विचार करण्याइतकी जागा माझ्या डोक्यात नव्हती. मी फक्त सोमवारपर्यंत पाहू शकत होते.

रविवारी मी कच्चे टाके काढून, माया सोडून बाजू पुन्हा शिवल्या आणि सोमवारी ब्लाउज बसले. मोतिया साडीच्या निऱ्या डावीकडे, पदर उजव्या हातावर, गळ्यात एकसर माळ. मंडळाचे तिघे टेबलामागे होते आणि कडेला मुख्याध्यापिका. सचिवांनी माझी प्रमाणपत्रे चाळली, निकाल पाहिला आणि म्हणाले, "काम चांगलंय तुमचं. राहणीही व्यवस्थित. मुलांपुढं असंच असावं." मग एक छापील कागद पुढे सरकवला. वर्षभरात दीर्घ रजा घेणार नाही, घेतल्यास नेमणूक आपोआप संपेल, असे त्यावर होते. "पुढं काही अडचण नाही ना?"

"नाही, सर."

मी सही केली. शुद्धलेखनाची एक चूक केली तरी मुलांकडून तो शब्द मी पुन्हा लिहून घेत असे. इतकी मोठी खोटी ओळ मी एका दमात, वळणदार अक्षरात सही करून मान्य केली. घरी आले तेव्हा पतींनी पेढे आणून ठेवले होते. मी ते तसेच झाकून ठेवले.

जूनमध्ये नेसण्याचा प्रश्नच उरला नाही. सातवा महिना होता. कुठलीही साडी, कुठलाही रंग, कुठलीही पद्धत चालणार नव्हती. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी मी मुख्याध्यापिकांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि आत बोलावले. पाणी दिले.

"मग त्या दिवशी सही का केलीत?" त्यांनी विचारले.

"नसती केली तर नाव यादीत आलं असतं का?"

"नसतं आलं," त्या म्हणाल्या. त्या खोटे बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. "मला दुसरी बाई बघावी लागेल. ती मिळेपर्यंत या. बसून शिकवा."

ती जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाली. तोवर मी खुर्चीवर बसून शिकवले, नाडी सैल बांधून आणि सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या नेसून. नव्या शिक्षिकेला मी कुठवर धडे झाले, कोण वाचताना अडखळते, आईबापांबरोबर ऊसतोडणीला जाऊन उशिरा परतलेल्या मुलांचे काय राहिले आहे, हे सगळे नीट लिहून दिले. ती मन लावून ऐकत होती. तिचा काही दोष नव्हता.

मुलगी ऑगस्टअखेर झाली. नीट आहे. पुढच्या एप्रिलमध्ये मी त्याच शाळेत पुन्हा अर्ज केला आणि कोणी विचारले नसतानाही त्यात लिहिले, 'एक अपत्य, वय आठ महिने.' मुलाखतीचे बोलावणे आले नाही. जूनमध्ये मी स्वतः जाऊन यादी पाहिली, वरून खाली आणि खालून वर. मग त्या तालुक्यातल्या इतर शाळांची नावे वहीत उतरवून घेतली आणि अर्ज लिहायला बसले.