आमच्या मुलाचे अवगुण

मुलगा दहा महिन्यांचा झाला आणि माझी बाळंतपणाची रजा संपत आली, तेव्हा २०२०चा जुलै चालू होता. मी आयर्लंडमध्ये लिमरिकजवळच्या एका कारखान्यात कामाला होते. तिथे हृदयाच्या शस्त्रक्रियेत वापरायच्या बारीक नळ्या तयार होतात, आणि त्यांतले दोष शोधून लिहून ठेवणं हे माझं काम. सगळं जग घरून काम करत होतं, पण नळ्या काही कोणी माझ्या स्वयंपाकघरात आणून देणार नव्हतं. साहेबांनी अतिशय गोड शब्दांत विचारलं होतं, की सप्टेंबरात येताय ना, नाहीतर आम्ही काहीतरी व्यवस्था बघतो. व्यवस्था म्हणजे माझ्या जागी दुसरं कोणीतरी, हे मला न सांगता कळलं.

सासूबाई नागपूरहून येणार होत्या. त्यांचं तिकीट विमान कंपनीनं दोनदा रद्द केलं आणि तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच. पाळणाघरं नुकती उघडली होती, पण नेहमीपेक्षा कमी मुलं घेत होती. एका ठिकाणी फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, यादीत नाव घालते, पण तुमच्या पुढे बरेच जण आहेत आणि त्यांतले काही अजून जन्मायचे आहेत. जी मुलं पोटात असतानाच रांगेत उभी राहतात त्यांच्यापुढे आमच्या मुलाचा काय निभाव लागणार होता!

नवरा संगणकवाला. तो म्हणाला, मी घरीच आहे, मी सांभाळतो, त्यात काय एवढं. सोमवारी त्यानं सराव म्हणून मुलाला मांडीवर घेऊन काम केलं. मंगळवारी मुलानं एक हात मारून चाळीस जणांची मीटिंग बंद केली. बुधवारपासून 'त्यात काय एवढं' हे शब्द आमच्या घरात ऐकू आले नाहीत.

मग शेजारणीनं एक बाई सुचवल्या. साठीच्या, स्वतःच्या घरी तीस वर्षं मुलं सांभाळलेल्या. त्यांच्याकडे एकच जागा रिकामी होती आणि आणखी एक जोडपं तिच्यावर डोळा ठेवून होतं. बाईंनी आम्हाला शनिवारी बघायला बोलावलं. बघायला म्हणजे त्या आम्हाला बघणार. मी मुलाला नवा शर्ट घातला, नवऱ्याला इस्त्रीचा घालायला लावला, आणि आम्ही गेलो.

त्यांनी मागच्या अंगणात दोन-दोन मीटर अंतर राखून खुर्च्या मांडल्या होत्या. चहा दिला, मांडीवर वही घेतली आणि विचारलं, कसा आहे तुमचा मुलगा?

आता आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. आपल्या पोराचं कौतुक आपण करायचं नसतं. एक तर ते बरं दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे दृष्ट लागते. आपण नावं ठेवायची, मग समोरच्यानं म्हणायचं, काहीतरीच काय, किती गुणी बाळ आहे. माझी आई पाहुण्यांना सांगायची की हिला साधा चहा जमत नाही, आणि पाहुणे मी केलेला चहा दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. मी त्याच सवयीनं म्हटलं, काही विचारू नका, फार त्रास देतो. अजिबात खात नाही.

बाईंनी ते लिहून घेतलं.

मला वाटलं, आपलं कमी पडलं. म्हणून मी सांगितलं की झोपतही नाही, आणि हट्टी तर इतका आहे की विचारायची सोय नाही. तरी त्या लिहीतच होत्या. तेव्हा नवऱ्यालाही चेव आला. चावतो, तो म्हणाला, आणि एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. एवढा वेळ मुलगा माझ्या मांडीवर चमचा घेऊन शहाण्यासारखा बसला होता. बाईंचं पान भरलं. ग्रँड, त्या म्हणाल्या, म्हणजे इकडच्या भाषेत नुसतं 'बरं', कळवते.

गाडीत मी मुलाला त्याच्या खुर्चीत बसवून पट्टा लावला.

"त्यांनी 'छे, छे' म्हणायला हवं होतं ना गं?" नवरा म्हणाला.

"त्या कशाला म्हणतील? आपण आईबाप आहोत. आपल्यालाच माहीत असणार ना!"

रविवारी मी कारखान्यात करते तेच केलं. दोष सापडला की दुरुस्तीचा अहवाल. प्रत्येक अवगुणाला क्रमांक दिला, खाली कारण लिहिलं, त्याखाली खरी परिस्थिती. नवऱ्यानं वाचून पाहिलं आणि म्हणाला, तू तेच परत सांगितलंयस, फक्त नंबर घालून. मी अहवालही पुसला आणि त्याच्याशी बोलणंही बंद केलं. सोमवारी सरळ बाईंना फोन केला, की आमचं बोलण्यात चुकलं, मला पुन्हा येऊ द्या. नोकरी जाणार या भीतीनं रडू येत होतं, आणि मला रडू यायला लागलं की मी दरडावून बोलते. बाई बिचाऱ्या लगेच ये म्हणाल्या.

या वेळी मी एकटीच मुलाला घेऊन गेले. सगळं खरं सांगितलं, नावं ठेवण्याचं आणि दृष्ट लागण्याचंही. त्या हसतील अशी माझी तयारी होती. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी कोणी मुलाचं कौतुक करून 'गॉड ब्लेस हिम' म्हणायला विसरलं, तर त्यांची आई त्याला ते म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडू देत नसे.

"त्रासाचं मला काही नाही, तीस वर्षं तोच बघते आहे," त्या म्हणाल्या. "पण पहिल्या आठवड्यात तो तुझ्यासाठी रडेल. तेव्हा त्याच्यातलं काहीतरी चांगलं मला माहीत हवं. तू सांग. 'गॉड ब्लेस' मी म्हणते."

सांगायला गेले तेव्हा लक्षात आलं, की दहा महिन्यांत मी त्याच्याबद्दल एकही चांगली गोष्ट मोठ्यानं बोलले नव्हते, नवऱ्याजवळसुद्धा नाही. मला स्वतःची लाज वाटली. मुलगा गवतात बसून एकेक पातं उपटत होता.

दारात किल्ली फिरली की हसतो, मी म्हटलं.

"गॉड ब्लेस हिम."

वरणभात खाताना दर दुसरा घास माझ्या तोंडात कोंबतो.

"गॉड ब्लेस हिम."

रडत असला आणि माझा कान हाताला लागला, की गप्प होतो. हे सांगताना मी डोळे पुसले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहत राहिल्या, पण त्यांची पाळी चुकवली नाही. मग वही मिटून म्हणाल्या, जागा त्याची, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी साडेआठला आण. आणि उठायला लागल्या.

"थांबा," मी म्हटलं, "अजून आहेत."