बायकोला ताई म्हणायची पाळी

मी सातवीपर्यंत शिकलो, तेही रडतखडत. उभं आयुष्य गांधीबागेच्या बाजारात एका साड्यांच्या दुकानात गादीवर बसून घड्या मोडण्यात गेलं. आणि या संक्रांतीला मी एक नाटक लिहिलं! लहानसंच, पण आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीतल्या बायका ते पाहून लोटपोट झाल्या. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, काकाजी, कसं लिहिलं? मोबाइलवर गमतीचे व्हिडिओ टाकणारेही येऊन विचारतात. सांगतो बाप्पा, सांगतो. मलाच दम निघत नाही. या वयात असं काही हाती लागेल असं वाटलं नव्हतं.

बायको आखाडात गेली. भेटायला लोक यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, "देवमानूस होती. कधी कोनाले वाकडं बोलली नाही." मी भिंतीकडे पाहायचो. माझी बायको वाकडं बोलली नाही? गल्लीत तिनं एक माणूस सोडला नव्हता. पण गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं, ही आपली रीत. दिवाळीपर्यंत लोकांनी सांगून सांगून तिची अशी गाय करून टाकली की त्या बाईशी मी कधी संसारच केला नव्हता. आणि एक दिवस मी तिचा आवाज आठवायला बसलो, तर तो येईचना. मी घाबरलो. माणूस गेलं ते गेलं, पण आवाजही गेला तर माझ्याकडे राहतं काय?

तेवढ्यात शेजारीण आली. बायकोची खास मैत्रीण, दोघींचं पटायचंही आणि जुंपायचंही. म्हणाली, "भाऊजी, हळदीकुंकवाले दरसाल तीच नाटक बसवे. औंदा तुमी लिहून द्या. तिच्यावरच लिहा."

मी लगेच बसलो. लिहिलं की एक बाई पहाटे उठते, सडा टाकते, सगळ्यांवर माया करते, नवऱ्याला देव मानते. लिहिताना डोळे भरून आले. मला वाटलं, काय लिहिलं आपण! मग बायकांपुढे वाचून दाखवलं. कोणी हू की चू केलं नाही. एकीनं तर मटार सोलायला घेतले.

शेजारीण म्हणाली, "भाऊजी, ही कोन बाई आहे?"

"माही बायको."

"ही? हिले तं मी वळखत नाही. अन् इथं लिहिलं, प्रेमळ. आता प्रेमळ कशी करून दाखवू मी? उभी राहून हसत राहू का नुसती?"

राग आला मला. पण घरी येऊन आरशासमोर उभा राहून मीच प्रेमळ करून पाहिलं. दात दुखत असल्यासारखं दिसत होतं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. जे हातानं, पायानं, तोंडानं करता येत नाही, ते नाटकात लिहायचंच नाही. भली, दुष्ट, कष्टाळू, हे शब्द मयतीला आलेल्या लोकांसाठी ठेवा. तुम्ही लिहा की ती काय मागत होती आणि त्यासाठी तिनं काय उचापती केल्या.

मग मला ती दुकानातली गोष्ट आठवली.

लगनसराई होती. त्या दिवसांत नोकरांच्या घरचं माणूस दुकानात दिसलेलं सेठना चालायचं नाही. रागवायचे नाहीत, त्या नोकराला थेट कामावरून काढायचे. दुसरा नियम असा की येणारी प्रत्येक बाई ताई. नुसतं "बसा" नाही, "बसा ताई". तर भरगर्दीत माझी बायको पायरी चढून आली आणि माझ्यासमोर येऊन बसली. सेठनं तिला कधी पाहिलेलं नव्हतं. मला काही कळेना. ती अनोळखी बाईसारखी म्हणाली, "दाखवा काही चांगलं."

तिला साडी नको होती. मी दुकानात गोड बोलतो असं तिच्या कानावर गेलं होतं. घरी तर मी तोंड उघडत नसे. तिला ते बोलणं एकदा स्वतःसाठी ऐकायचं होतं, बस. आता मी ताई म्हणू कसा? आणि न म्हणावं तर सेठ मागे उभे.

ही गोष्ट मी दोन पानांत लिहून काढली. पळतच सुटलो लिहिताना! पण वाचून दाखवली तर एकदाच हसू आलं, तेही मधल्या मधे. पुन्हा बसलो. चूक सापडली. मी ती बाई नवऱ्याची बायको आहे हे शेवटपर्यंत लपवून ठेवलं होतं. शेवटी सांगून लोकांना दचकवायचं, असा माझा हुशारीचा विचार. अरे, दचकून माणूस किती वेळ दचकेल? मी ते उलटं केलं. पडदा उघडताच पाहणाऱ्यांना कळतं की ही त्याची बायको आहे. कळत नाही ते एकट्या सेठला. आता सेठनं नुसतं "ताईंना पाणी दे" म्हटलं तरी हसू येतं, कारण बायका आधीच पदर तोंडाला लावून बसलेल्या.

दुसरी चूक अशी की नाटकातला माझा नोकर, म्हणजे मीच, दुसऱ्याच वाक्याला ताई म्हणून मोकळा होत होता. माणूस अडकला की त्याला लवकर सोडवायचं नाही. अडकू द्या. माझा नोकर आता खोकतो, साडी पाडतो, वरच्या फळीवर चढतो, "बसा... हं... बसा" करतो, आणि सेठ जवळ जवळ सरकत येतो. आणि तो ताई म्हणाल्यावर मी लिहिलं होतं, "अरे देवा, स्वतःच्या बायकोलाच ताई म्हणालो!" ते खोडलं. लोक हसले की तुम्ही गप्प बसा. गिऱ्हाइकानं साडी उचलली की आम्हीही गप्प बसायचो. त्यावर एक शब्द जास्त बोललात की ती साडी खाली ठेवते.

तालीम सुरू झाली, आणि माझ्या मुलीला कळलं. ती दोन गल्ल्या सोडून राहते. दारातूनच सुरू झाली, "बाबा, आईले जाऊन वर्ष नाही झालं अन् तुमी तिची मजा उडवून राहिले?"

"मजा नाही वं. ती तशीच होती."

"मले माहीत आहे कशी होती ते. पन लोकं चांगलं बोलून राहिले तं बोलू द्या ना! काहून बिघडवता?" मग हळू आवाजात म्हणाली, "हे नाटक झालं तं मी या घरी पाय ठेवनार नाही."

तिनं आईशी शेवटी शेवटी पुष्कळ भांडण केलेलं. तिला ती गायच बरी वाटत होती. मला कळत होतं. एकच लेक माझी. एक बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला बायकोचा आवाज. मी शेजारणीला सांगितलं, बंद करा. ती म्हणाली, "आजची तालीम तं होऊ द्या." आणि ही बाई जाऊन मुलीलाच तिथं ओढून घेऊन आली. म्हणे, बघून तरी नाही म्हन.

मुलगी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बसली. हसली नाही. शेवट आला. सगळ्या साड्या उलगडून झाल्यावर बायको उठते, आणि शेजारीण मी लिहिलेलं बोलली, "नाही आवडल्या, दुसरीकडे पाहीन."

"चूक आहे," मुलगी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आई असं बोललीच नसती. एवढ्यावर सोडलं असतं का तिनं?" ती उठली, शेजारणीला बाजूला केलं, पदर कमरेला खोचला आणि माझ्या नोकराकडे खालून वर पाहत म्हणाली, "साड्या बऱ्या आहेत, सेठ. पन या मानसाच्या हातून घेतली तं नेसताना रोज याचंच तोंड आठवन."

तोच आवाज! बायकांनी टाळ्या पिटल्या. मुलगी लाल झाली, चप्पल घातली आणि निघून गेली. मी ते वाक्य लिहून घेतलं. तुमच्या लिहिण्यावर जो सगळ्यात जास्त चिडलेला असेल, त्याला तालमीला बसवा. तारीफ करणारा तुम्हाला एक ओळ देत नाही.

हळदीकुंकू बायकांचं, तिथं मला बसता येईना. मागे जुन्या साड्या बांधून पडदा केला होता, त्याच्या पाठीशी मी खुर्ची टाकली. दिसत काही नव्हतं. पहिलं हसू आलं तसा मी खुर्चीतून उठलोच. मग एकावर एक! मुलगी आली की नाही, कळायला मार्ग नव्हता.

नाटक संपलं, तिळगूळ वाटला. मला वाटलं आता उठतील. पण बायका पडद्याच्या पलीकडे तिथंच फतकल मारून बसल्या. एक म्हणाली, "अशीच होती वं ती. माही कढई नेली, मी मागाले गेली तं मलेच म्हने, एवढी काळी कढई कोनी शेजारी देते का?"

"मले पोराच्या लग्नात म्हने, सून चांगली भेटली तुले. आता तिले एखादी चांगली सासू पाहा."

पुन्हा हसणं. मग एक आवाज आला, आणि मी पडद्याला कान लावला.

"अन् मले सासरी पाठवताना काय म्हने? मी रडून राहिली, तं कानात म्हने, रडू नको वं. काजळ पुसलं तं जावई खरं तोंड पाहीन, अन् वापस पाठवन."

माझी मुलगी. मी त्या दिवशी दोघींच्या शेजारी उभा होतो. असं काही झालं नव्हतं. बायकोच्या तोंडून तेव्हा शब्द फुटत नव्हता, ती नुसती रडत होती. पोरगी सपशेल रचून सांगत होती, पण तोंड आईचं. बायका म्हणाल्या, अजून सांग. ती अजून सांगू लागली. मला एवढं हसू आलं की माझा आवाज पडद्यापलीकडे गेला असता आणि त्या गप्प झाल्या असत्या. म्हणून खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा करून तोंडात कोंबला आणि ऐकत बसलो.