गुरुनाथ केळुसकरची सुट्टी

चंदीगडच्या मराठी मंडळात कोणालाही विचारा, गुरुनाथ केळुसकर एके काळी काय वल्ली होता! गणपतीतल्या नाटकात बाईचं काम यालाच हवं, आणि मिशी काढायला मात्र हा हमखास विसरणार. लष्करातल्या साहेबांच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि याची बायको शैलजा मान खाली घालून बसायची. घरी गेल्यावर ती त्याला फैलावर घ्यायची, तर तो नाटकातल्याच आवाजात उत्तरं द्यायचा. असल्या माणसावर रागवायचं तरी किती वेळ?

हा वेंगुर्ल्याकडचा माणूस इतक्या लांब कशाला कडमडला, तर मशिनांपायी. इंडस्ट्रियल एरियात नरेश नावाच्या पंजाबी मित्राबरोबर त्याने वर्कशॉप थाटलं होतं. कोल्ड स्टोरेजची आणि एसीची मशिनं दुरुस्त करायची. दोघं एका डब्यात जेवायचे आणि एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात नरेश सुटे भाग आणायला दिल्लीला गेला. परत येताना बसमध्ये त्याला शेजारच्या सीटवर कोणाचा तरी ट्रान्झिस्टर पडलेला दिसला. बातम्या लागतात का बघावं म्हणून त्याने उचलला आणि बटण फिरवलं. त्यात बॉम्ब होता. ओळख पटवायला गुरुनाथलाच जावं लागलं. तिथे काय पाहिलं ते त्याने बायकोला कधी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

त्यानंतरचा गुरुनाथ म्हणजे दुसराच माणूस. स्कूटरची डिकी उघडण्याआधी तिला कान लावायचा. सेक्टर सतराच्या बाजारात गेलं की आधी प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचं, मगच बायकोला बसू द्यायचं. लोक टकामका बघतात म्हणून शैलजाने तिथे जाणंच सोडलं. चौदा वर्षांच्या लेकीला, नयनाला, शाळेतून यायला जरा उशीर झाला की हा फाटकात उभा, चेहरा पांढराफटक. "क्या यार पापा, सबके सामने!" पोरगी वैतागायची. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच. नाटकं तर बंदच झाली. मंडळातली माणसं त्याच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू आवाजात बोलू लागली, आणि शैलजाला त्या हळू बोलण्याचा भयंकर राग यायचा.

तिला एकच ध्यास लागला. काहीही करून इथून निघायचं. नवऱ्याला या शहरातून बाहेर काढलं की तो पुन्हा पहिल्यासारखा होईल, अशी तिची खात्रीच होती.

आणि विश्वनाथचा फोन आला. हा गुरुनाथचा मावसभाऊ. आखातात पैसा करून आलेला, आणि आता दक्षिण गोव्यात अगदी समुद्राला लागून परदेशी पाहुण्यांसाठी छोटंसं, झकपक रिसॉर्ट बांधून बसलेला. मोजक्याच कॉटेज, पण प्रत्येकीत एसी, प्रत्येकीला सागवानी ओटी. त्याला मशिनं सांभाळणारा घरचा माणूस हवा होता. "राहायला घर देतो, पोरीची शाळा बघतो," तो म्हणाला. "आधी आठ दिवस पाहुणे म्हणून राहून तर बघा, मग पक्कं करू." शैलजाने फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली.

शहाऐंशीच्या डिसेंबरात ती तिघं तिथे पोचली. गेल्या गेल्या हातात शहाळं, उशीवर जास्वंदीचं फूल, आणि न्हाणीघराला छप्परच नाही! वर नुसत्या माडाच्या झावळ्या. "अगं बाई, उघड्यावर अंघोळ?" शैलजा लाजली खरी, पण नंतर चांगली तासभर आत होती. सकाळी सवयीने तिने पलंग आवरला, चहाचे कप विसळून पालथे घातले. साफसफाईची बाई आली ती हसत सुटली. सगळं तुम्हीच केलंत तर मी पगार कशाचा घेऊ, म्हणाली.

गुरुनाथ पहिल्या दिवशी ओटीवरून खाली उतरेना. मग त्याच्या कानावर जनरेटरचा आवाज पडला आणि त्याला राहवेना. आवाजात खोट आहे म्हणत तो जो आत शिरला, तो संध्याकाळी ग्रीसने माखून, शीळ घालत बाहेर आला. शीळ! शैलजाने ती दीड वर्षात ऐकली नव्हती. दोन दिवसांनी तर त्याने समुद्रावर डोक्यावरून टॉवेल घेतला आणि नाटकातल्या बाईसारखं ठुमकत चालून दाखवलं. नयना वाळूत लोळून लोळून हसली. शैलजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. "वहिनी, आता पक्कंच समजा," विश्वनाथ म्हणाला. त्या रात्री तिने मनातल्या मनात चंदीगडचं घर आवरायलाही घेतलं. काय न्यायचं, काय देऊन टाकायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओटीवर चहा घेत बसली होती. समोर वाळूत वेताच्या खुर्च्या मांडलेल्या. एक म्हातारा जर्मन पाहुणा आपला ट्रान्झिस्टर खुर्चीवर ठेवून पोहायला गेला होता. नयना तिथून चालली होती. तिने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि बटणाला हात घातला.

"फेंक! नयना, फेंक!" गुरुनाथ जनरेटरच्या खोलीकडून धावत आला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. पोरगी गोंधळून तशीच उभी. त्याने तिच्यावर झेप घेतली, तिला खाली पाडलं आणि अंगाखाली दाबून धरलं. "बॉम्ब है! भागो!" तो ओरडत होता. पाहुणे चपला टाकून पळाले. कोणी समुद्रात पळालं, कोणी रस्त्यावर. ट्रान्झिस्टर वाळूत पडला होता आणि मजेत गात होता.

"पापा, छोड़ो! मेरा हाथ!" नयना किंचाळत होती. गुरुनाथ सोडेना. ट्रान्झिस्टर गातोय, म्हातारा तो उचलून वाळू झटकतोय, शैलजा नवऱ्याच्या पाठीवर बुक्क्या मारत्येय, तरी सोडेना. शेवटी दोन वेटरांनी त्याला ओढून बाजूला केलं. पोरीचं मनगट मोडलं होतं.

दुपारपर्यंत तिच्या हाताला प्लास्टर झालं आणि तीन कॉटेज रिकाम्या झाल्या. संध्याकाळी विश्वनाथ ओटीवर येऊन बसला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण तो गरीब बिचारा हळूच बोलला. "वहिनी, मी त्याला काही बोलणार नाही. पण इथे माणसं सगळं विसरायला येतात हो. गुरूला ते जमणार नाही, आणि तो त्यांनाही विसरू द्यायचा नाही."

"भावोजी, एक महिना तरी बघा," शैलजा म्हणाली. "तुमच्या पाया पडते." आयुष्यात ती कोणापुढे अशी गयावया करायला गेली नव्हती. विश्वनाथने हात जोडले.

आत नयना पलंगावर बसली होती. गळ्यातली झोळी खाली घसरली होती. ती नीट करायला गुरुनाथ पुढे झाला, तशी पोरगी चटकन मागे सरकली आणि तिने चांगला हात तोंडापुढे धरला. गुरुनाथने हात मागे घेतले.

बाहेर येऊन तो विश्वनाथला म्हणाला, "हिला इथेच ठेव. हात बरा होईपर्यंत, आणि मग शाळेलाही." शैलजाने दारातून आत पोरीकडे पाहिलं. आता रडेल, नको म्हणेल. नयनाने लगेच मान डोलावली. शैलजाही राहू शकली असती. विश्वनाथने तसं सुचवलंही. पण या माणसाला एकट्याला चंदीगडला कसं पाठवायचं?

चंदीगडला दोघं परतली तेव्हा कडाक्याची थंडी पडली होती. नयनाच्या खोलीचं दार शैलजाने लोटून घेतलं आणि चहा टाकला. कप त्याच्यापुढे ठेवताना मात्र तिचा बांध फुटला. "अहो, एकुलती एक पोर आपली! मला विचारलंत तरी का? आपल्याबरोबर आली असती. चार दिवस घाबरली असती, मग विसरली असती. कशाला टाकून आलात तिला?"

गुरुनाथने चहाला हात लावला नाही.

"तिथे तिला कसलीच भीती नाही गं," तो म्हणाला. "एक माझी सोडून. मी इथे राहिलो की तीही उरत नाही."

शैलजाला खूप भांडायचं होतं. पण तो बोलला त्यात खोटं काय होतं, ते तिला सापडेना.