साडूच्या गाडीतलं ऑईल

घनसावंगीत बसस्टँडच्या मागं भुजंग मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे वर चार पत्रे, बाजूला लिंबाचं झाड आणि गाडीच्या खाली उतरायला केलेला सिमेंटचा खड्डा. तीस वर्षं झाली, तालुक्यातल्या निम्म्या जीपा आणि टेम्पो त्याच्याच हाताखालून गेले असतील. चालू इंजिनाजवळ नुसता कान नेऊन तो बिघाड सांगतो. पण स्वतःच्या दारात चारचाकी कधी उभी राहिली नाही. लोकांच्या गाड्या रोज चालवायला मिळायच्या, त्यामुळं त्याला त्याचं कधी काही वाटलंही नाही. वाटायला लागलं ते कल्याणनं गाडी घेतली तेव्हापासून.

कल्याण त्याचा साडू. भुजंगची बायको प्रभावती थोरली बहीण, कल्याणची मीना धाकटी. कल्याणचं परतूरला बी-बियाण्याचं दुकान आहे. मीनाला बघायला तो पहिल्यांदा आला तेव्हा एसटीनं आला होता, आणि त्याला मोटरसायकलवर मागं बसवून सासऱ्याच्या घरी भुजंगनंच नेलं होतं. त्या काळात सासरे, बद्रीनाथअण्णा, बैल बदलायचा तरी भुजंगला विचारायचे. थोरला जावई म्हणून त्याचा एक मान होता, आणि तो मान त्याला आवडायचा.

जानेवारीत अण्णांनी जांब समर्थच्या शेतात हुरड्याला दोन्ही लेकी-जावयांना बोलावलं. कल्याण पांढऱ्या गाडीतून आला. गाडी संभाजीनगरहून घेतलेली, दोन वर्षं वापरलेली, पण दिसायला कोरी. सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. घरून शेतात निघायची वेळ झाली तशी प्रभावती पुढच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा.

"अहो, तुमी या मागून मोटरसायकलवर," ती काचेतून म्हणाली. "मीना म्हणती एसी लावून दाखवते."

जानेवारीच्या थंडीत एसी! भुजंग दोन किलोमीटर त्या गाडीची धूळ खात मागून गेला. शेतात अण्णांनी पहिला भाजलेला हुरडा कल्याणच्या हातावर ठेवला. बोअरची मोटर बिघडली होती, तर तेही कल्याणलाच विचारलं. ज्यानं आयुष्यात कधी पाना धरला नाही, त्याला! भुजंगच्या घशाखाली त्या दिवशी हुरडा उतरला नाही.

दुपारी कल्याण मुद्दाम त्याच्याजवळ येऊन बसला.

"भुजंगराव, विकणारा म्हणला, आधी ऑईल बदलून घ्या. दुकानदार दहा डबे दाखवून राह्यला, डोकं फिरतं. तुमीच सांगा कोणतं टाकायचं ते. घरचा मिस्त्री असताना बाहेरच्याला कामून विचारू?"

"उद्या घेऊन या," भुजंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी खड्ड्यावर चढवली. बॉनेट उघडलं. ऑईल भरायच्या झाकणावरच आकडा छापलेला होता: झिरो डब्ल्यू वीस. म्हणजे पातळ ऑईल. नव्या इंजिनात ऑईलच्या वाटा बारीक असतात, तिथं पातळच लागतं, हे भुजंगला चांगलं ठाऊक होतं. मागच्याच वर्षी जालन्यात मिस्त्री लोकांची एक बैठक झाली होती, तिथं हेच शिकवलं होतं. घरी आल्यावर त्यानं ते वहीत उतरवूनही ठेवलं होतं.

कल्याणनंही फोनवर बघितलं होतं. "यात तर झिरो डब्ल्यू वीस लिहिलंय," तो म्हणाला.

भुजंगनं झाकण हातात घेतलं. गाडीत मीनानं पोपटी रंगाचे सीटकव्हर घातले होते. पुढं आरशाला छोटा मोत्यांचा हार लटकत होता.

"ते थंड मुलकासाठी है," तो म्हणाला. "आपल्याकडं मे महिन्यात काय ऊन राहतं, माहितीये न्हाई का? पाण्यासारखं ऑईल टिकन का त्यात? जाड टाकतो मी. इंजिनाला ताकद राहती."

"तुमी म्हणता तर बराबरच असंल," कल्याण म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

भुजंगनं जुन्या जीपांसाठी ठेवलेला जाड ऑईलचा डबा उघडला आणि ओतला. त्यानं इंजिन लगेच बसणार नाही, हे त्याला माहीत होतं. फक्त गाडी जड चालंल, पेट्रोल जास्त पिईल, सकाळी सुरू करताना कुरकुर करील. तेवढंच त्याला पाहिजे होतं. त्या रात्री तो पोटभर जेवला. प्रभावतीनं विचारलंही, आज एवढी भूक कशी काय?

आता यात मी कुठून आलो ते सांगतो. मी राधेश्याम, परतूरला शाळेत शिक्षक. फेब्रुवारीत मी गाडी घेतली. योगायोगानं तीच, कल्याणची आहे तशीच. कल्याणचं दुकान माझ्या घरासमोरच. तो म्हणाला, "गुरुजी, ऑईल बदलायचंय तर माझ्या साडूकडं जा. असा माणूस मिळायचा न्हाई."

मी गेलो. भुजंगनं झाकण पाहिलं, आणि दुकानातून पातळ ऑईलचा सीलबंद डबा मागवला. इथल्या उन्हात हे चालंल का, असं मी विचारलं. त्यानं मला चांगली पंधरा मिनिटं समजावून सांगितलं.

"गुरुजी, पहिला आकडा थंडीचा, दुसरा गरम इंजिनाचा. कंपनीनं इंजिन बनवतानाच आपल्या उन्हाचा इचार केलेला असतो. झाकणावर लिहिलंय तेच टाकायचं. जाड टाकलं की ताकद येती म्हणणारे बिलकुल अडाणी."

मी खूश होऊन परत आलो. पुढं एकदा दुकानासमोर कल्याणशी गप्पा मारताना विषय निघाला. माझी गाडी लिटरला अठरा देत होती, त्याची सोळाच्या वर जाईना. शिवाय सकाळी सुरू केली की थोडा वेळ टकटक आवाज यायचा. मी आपला भुजंगनं शिकवलेला धडा त्याला जसाच्या तसा सांगितला. शिक्षकाची खोड. कल्याण ऐकत राहिला आणि मध्येच उठून दुकानात गेला. तो का उठला, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या रविवारी तो एकटाच घनसावंगीला गेला.

"भुजंगराव, गुरुजीच्या गाडीत तुमी पातळ टाकलं," तो म्हणाला. "गाडी तीच. मंग माझ्यात जाड कसं?"

भुजंग टायर खोलत होता. त्याला सुटायला वाट होती. ते ऑईल तेव्हा मिळालं नाही, असं म्हणता आलं असतं, आणि कल्याणनं मानलंही असतं. तो पाना खाली ठेवून उभा राहिला.

"तुमच्यात मी चुकीचं टाकलं."

"चुकून?"

"न्हाई. माहीत असून."

कल्याणनं हातातली किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "कामून पण? मी काय केल्तं तुमचं?"

"काय बी न्हाई केलं. तुमी गाडी घेतली."

बस, एवढंच. कल्याण लिंबाखालच्या बाकड्यावर जाऊन बसला. भुजंगनं जाड ऑईल काढलं, फिल्टर बदलला, पातळ भरलं. इंजिनाला काही झालं का, असं कल्याणनं तुटक विचारलं. एवढ्या दिवसांत काही होत नाही, असं त्यानं सांगितलं. चहा आला होता, तो तसाच थंड झाला.

प्रभावतीला भुजंगनं स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या बहिणीची लेकरं बसतेत त्या गाडीत," आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मीनाचे फोन थांबले. उन्हाळ्यात अण्णांकडं सगळे जमले तेव्हा कल्याण 'या भुजंगराव' एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या खोलीत गेला. अण्णांनी कारण विचारलं, पण कुणीच सांगितलं नाही. कल्याणनंही नाही. हे भुजंगला फार लागलं.

हे सगळं त्यानं मला पावसाळ्यात सांगितलं, माझ्या गाडीचं काम चालू असताना. कल्याण सकाळीच येऊन गेला होता. त्याच्या डिक्कीत ऑईलचा सीलबंद डबा, स्वतः जालन्याहून आणलेला. भुजंगनं सील त्याला दाखवलं, मगच फोडलं. डबा रिकामा होईपर्यंत कल्याण शेजारी उभा राहून बघत होता. या वेळी मात्र तो चहा पिऊन गेला.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"वाटलं की," भुजंग हात पुसत म्हणाला. "पण त्याच्यापेक्षा वाईट दुसरंच है, गुरुजी. त्यानं गाडी वळवली, हॉर्न मारला, अन् माझ्या पोटात पुन्हा तसंच जळलं. एवढं होऊनबी! मला वाटलं होतं, आता तरी थांबंल."

भुजंगनं माझ्या गाडीच्या तळाचा बोल्ट आवळला, एकदा पुन्हा तपासला आणि बॉनेट लावलं.

कल्याण अजून त्याच्याकडंच येतो. डबा मात्र स्वतःचा आणतो.