सुभेदारांचं जावा, मंजिरीचं गो

आमच्या ऑफिसात काम संपतं आणि विसरलं जातं, किस्से मात्र कुणी डिलीट करत नाही. चहाला चारजण जमले की एखादा निघतोच, आणि सांगता सांगता त्यात भर पडते. सांगलीत खताच्या दुकानावर आमचं ऑफिस. साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांना नंबर द्यायचे, वजन नोंदवायचं, शेतकऱ्याला मेसेज पाठवायचा, हे सगळं करणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो.

*

आधी तो एकच मोठा प्रोग्रॅम होता. मग आम्ही त्याचे तुकडे केले; मायक्रोसर्व्हिस म्हणतात त्यांना. घरी आबांना हे समजावलं.

"म्हंजी वाटण्या झाल्या म्हण की," आबा म्हणाले. "आता एकमेकांशी बोलत्यात का?"

"बोलतात. पण वेळ त्यातच जातो."

"मग आपल्या भावकीपरीस बरं हाय!"

*

गाड्यांना नंबर देणारी सर्व्हिस सुभेदारांची. फौजेत सिग्नलमध्ये होते, रिटायर होऊन साताऱ्याकडं गावी आले आणि चाळिशीनंतर जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. पहिल्या ओळीपासून त्यांनी स्वतः लिहिलेली ही एकच सर्व्हिस. तीच आटपाडीच्या मंजिरीनं 'गो' या दुसऱ्या भाषेत लिहिली आणि विट्याच्या निलेशनं 'नोड' वापरून. तिन्हींच्या वेगाची तुलना करायची, जिंकेल ती सर्व्हिस गळीत हंगामाला कारखान्यावर जाणार, बाकीच्या बंद, असं ठरलं. सुभेदारांची राहावी, असं मला मनातून फार वाटत होतं.

पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या लॅपटॉपवर टेस्ट घेतली आणि तिघांचेही पहिले नंबर आले.

सुभेदार म्हणाले, "आपापल्या रानात बैलं पळवून शर्यत हुती व्हय? एका मशीनवर घ्या."

*

एका मशीनवर घेतली, तर जावा सुरुवातीलाच मागं. सुभेदारांनी हरकत घेतली. "त्याला आधी गरम हुऊ द्या. परेडच्या आधी वॉर्मअप असतोय."

"काका, मग पयल्या ट्रॉल्यास्नी थांबा म्हणायचं का?" मंजिरीनं विचारलं. "आन् मेमरी बघा की किती घेतंय. आमच्याकडं टँकर आला की घरटी हंडे ठरल्यात. तुमचं जावा आख्खा हौद भरून बसतंय."

सुभेदार हसले, पण दुपारी डबा अर्ध्यातच झाकून पुन्हा मशीनपुढं जाऊन बसले. मला वाईट वाटलं.

*

मग एक दिवस तिन्हींचा वेग सारखाच आला. निलेश म्हणाला, "बरोबरी झाली, जुनीच ठेवू." मी लगेच मान डोलावली.

सुभेदार मात्र स्क्रीनपुढून उठेनात. संध्याकाळी म्हणाले, "बरोबरी न्हवं ही. तिघं बी एकाच डेटाबेसच्या दारात ताटकळत हुबं हायत." आणि ती अडचण त्यांनी स्वतःच काढून टाकली. पुन्हा टेस्ट घेतली, तेव्हा मंजिरीची सर्व्हिस स्पष्ट पुढं निघाली. निकाल सुभेदारांनीच मोठ्यानं वाचला.

*

गळीत सुरू झालं त्या सकाळी सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मंजिरीच्या टेबलापुढं ताठ उभे राहिले. पहारा बदलताना जुना शिपाई नव्याला सगळं समजावून देतो, तसं सांगू लागले.

"गाडीवान पयला मेसेज बघत न्हाईत, दुसरा पाठवायचा. लाईट गेली तर आधी काट्यावरचं वजन जुळवायचं. कुणी कितीबी मोठा असू दे, मधी नंबर घालायचा न्हाई. काय शंका?"

मंजिरी कधी उठून उभी राहिली, तिलाही कळलं नसावं. "न्हाई, काका."

"मग पोस्ट ताब्यात घ्या."

"घेतली."

सुभेदारांनी आपली सर्व्हिस स्वतःच्या हातानं बंद केली. थोड्या वेळात कारखान्याच्या गेटवरून फोन आला. क्लार्क घाबरलेला होता. "सुभेदार हायत का? नोंद केली की गाडी आत यायच्या आधीच नंबर येतोय, एवढं झटपट कधी येत नव्हतं. काय बिघडलं काय?"

सुभेदारांनी फोन कानाला लावला. एकदा मंजिरीकडं पाहिलं.

"बिघडलं न्हाई," ते म्हणाले. "पहारा बदललाय."