मी सासऱ्यांना तस्कर केलं

हसणार नसाल तर सांगतो. हसणार आहातच म्हणा, पण आधी तेवढा चहा संपवा, उगाच ठसका लागायचा.

आमच्या विट्याकडं घरटी एक माणूस गलाईवाला. म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारा. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, भट्टीपुढं घाम पुसत बसलेला माणूस आमच्याकडचाच निघणार. मी अठ्ठावीस वर्षं केरळात होतो. तिथं काय वितळवलं? मोडक्या बांगड्या, वाकडी कानातली आणि सोनारांच्या दुकानातला झाडलेला केर. तस्कर सोडा, साधा खिसेकापूसुद्धा कधी बघितला नाही.

गावी परत आलो आणि एक दिवस मुंबईहून सिनेमाचा लेखक दारात. दक्षिणेच्या किनाऱ्यावर चोरून सोनं उतरवणाऱ्या एका खऱ्या तस्कराच्या आयुष्यावर ते पिक्चर काढणार होते. तुम्ही त्याला कधी पाहिलंत का, असं त्यानं विचारलं.

याचं उत्तर 'नाही'. दोन अक्षरं. पण ओट्यावर चार शेजारी कान टवकारून बसले होते हो! माझ्या तोंडून निघून गेलं, "बघितलं म्हंजे? आमच्याच भट्टीवर येऊन बसायचा की."

लेखकानं वही उघडली. म्हणाला, बाकी सगळं कागदपत्रांत मिळालंय, माणूस कसा होता तेवढं सांगा. बोलायचा कसा, रागावला की काय करायचा? आता आली का पंचाईत! मी भिंतीकडं बघितलं. भिंतीवर माझ्या सासऱ्यांचा फोटो, ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले त्या दिवशीचा. मग काय, फोटोकडं बघत बघत सांगत गेलो. खिशात छोटी कात्री ठेवायचा, बोलता बोलता मिशी कातरायचा. गूळ-शेंगदाणे रुमालात बांधून आणायचा, कुणाला एक दाणा द्यायचा नाही. आणि रागावला की ओरडायचा नाही, हातातल्या घड्याळाला हळूहळू चावी द्यायचा. चावी सुरू झाली की घर रिकामं व्हायचं. मी 'घर' म्हणालो, लेखकानं 'अड्डा' लिहून घेतलं.

सासरे राहतात रहिमतपूरच्या पुढं एका खेड्यात. पंचाहत्तरी उलटल्यावर एसटी फुकट असते, तरी हा माणूस कंडक्टरशी भांडून तिकीट घेतो. गावानं त्यांना तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष करायचं ठरवलं होतं. पदकं ट्रंकेत पडलेली, पण त्या खुर्चीसाठी त्यांनी नवा सदरा शिवून घेतला होता. ग्रामसभा आठवड्यावर आली आणि नेमका तेव्हाच पिक्चर लागला.

मी गप्प बसावं की नाही? पण दोन वर्षांत आपण कुणाचा फोटो बघून काय ठोकून दिलं होतं, ते साफ विसरलो होतो. सासऱ्यांना फोन करून सांगितलं, "मामा, ह्यातला तस्कर मी सांगितलेला हाय." मामा एकदम खूश. जावयाचं कर्तृत्व दाखवायला त्यांनी निम्मं गाव दोन जिपांत कोंबून साताऱ्याच्या थेटरात आणलं.

पडद्यावर समुद्र, लाँच, सोन्याची बिस्किटं. तस्कर पुढं आला आणि त्यानं खिशातून छोटी कात्री काढली. माझी बायको सुमन सावकाश माझ्याकडं वळली. तस्करानं रुमाल सोडून शेंगदाणे खाल्ले. मागच्या रांगेत कुणीतरी "सुभेदार" म्हणालं. मग त्याच्यापुढं एका फितुराला उभं केलं, आणि तस्कर घड्याळाला चावी देऊ लागला. पडद्यावर काही व्हायच्या आत अख्खं गाव एका सुरात म्हणालं, "गेला रं, गेला!" फितूर समुद्रात.

इंटर्वलला दिवे लागले. मामांनी मनगट वर घेतलं आणि घड्याळाला चावी द्यायला सुरुवात केली. लघवीला जातो म्हणून मी जो उठलो तो थेट एसटी स्टँडवर. विट्यात उतरेपर्यंत मागं वळून बघितलं नाही.

सुमन माहेरीच राहिली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. विरोधी पार्टीनं कात्री आणि शेंगदाण्याचे फोटो स्टेटसला लावले होते, खाली लिहिलं होतं, 'तस्कर तंटा मिटवणार का?' मामा धड जेवत नव्हते. सुमन म्हणाली, "माझ्या आबांची खुर्ची गेली तर मी काय परत येत न्हाई. ग्रामसभेत हुबं ऱ्हावा आन खरं सांगा." मला खरंच वाईट वाटलं. इतक्या सरळ माणसाची मी काय गत करून ठेवली होती!

गेलो. भर सभेत उभा राहिलो. म्हणालो, त्या तस्कराला मी उभ्या जन्मात बघितलं नाही, ते सगळं आमच्या मामांचं वर्णन आहे. मग एक म्हातारा उठला आणि विचार करत म्हणाला, "म्हंजे सुभेदार तस्करावानी न्हाईत, तस्कर सुभेदारावानी हाय?"

मी म्हटलं, व्हय.

"मग झालं की. करा हात वर."

सगळे हात वर! विरोधी पार्टीचेसुद्धा. अकरा वर्षं बांधावरून भांडणारे दोन भाऊ समोरच बसले होते. मामांनी त्यांच्याकडं बघून नुसता घड्याळाला हात लावला. दोघंही म्हणाले, मिटलं, सुभेदार, मिटलं.

संध्याकाळी मामांच्या पडवीत चहाला बसलो. जीव भांड्यात पडला होता, त्यामुळं जीभ परत सुटली. म्हणालो, "काय बी म्हना मामा, मानूस मी हुबेहूब हुबा केला."

मामा मिशी कातरत म्हणाले, "सगळं खोटं हाय. मी असा कवा वागतो? पन एक मानूस त्यात खरा दावलाय. इंटर्वलनंतर येतो. तुमी पळाला तवा."

"कोन त्यो?"

"गलाईवाला. भट्टीपुढं बसून थापा मारतो. त्या तस्कराला धा वर्षं पोलीस धरू शकत न्हाईत, आन ह्याच्या थापांना कटाळून त्यो सोताच चौकीत जाऊन बसतो."

थेटर लय हसलं म्हणे. सुमन आत्ताही हसत होती. मी चिडून म्हटलं, हे त्या लेखकाला सांगितलं कुणी? मी तर असलं काही सांगितलं नव्हतं.

"म्हनून तर खरं वाटलं," मामा म्हणाले.