जवळा आणि दम

दोन महिने मी वीगन होतो आणि दोन्ही महिने रोज जवळा खात होतो.

यात मी कुणाला फसवलं असं नाही. आमच्याकडे दोडका असो की वांगं, मूठभर जवळा पडल्याशिवाय भाजीला भाजी म्हणत नाहीत. मासे म्हणजे बाजारातून ओले आणतात ते. ही वाळवलेली बारीक कोळंबी घरात मिठाच्या बरणीशेजारी असते. मिठाला कोणी मांसाहार म्हणतं का?

सगळं कबड्डीपायी. अडतिसाव्या वर्षीही भिसेगावच्या आमच्या संघात मी चढाईला जायचो, आणि तिसऱ्या चढाईला धाप लागायची. आमचा कोच माझ्याबरोबरच खेळलेला, फक्त वेळेवर थांबलेला. तो म्हणाला, "चौक गावच्या सामन्यात दम टिकला तर ठेवतो. नायतर बाहेर बस." कबड्डीशिवाय मला काही येत नाही, आणि कबड्डी येते असंही मीच म्हणतो.

दूध-अंडी सोडली की दम वाढतो, असं मोबाईलवर कोणीतरी सांगत होतं. मटण, मासे, अंडी, दूध, तूप, सगळं बंद केलं. बायकोला म्हटलं, मी आता वीगन. ती म्हणाली, "वेगन? म्हंजे वेगानं जानार? कुटं?"

काळ्या चहाचं दुःख झालं नाही. घरात पाहुण्यांसाठी कोंबडी शिजली. वास आला, एवढंच. पण दम खरंच टिकायला लागला. मग मी संघाला व्याख्यानं दिली. एकाला तर अंडी सोडायला लावली.

सामन्याआधीच्या रविवारी सरावानंतर डबा उघडला. कोच वाकून बघायला लागला.

"दोडक्यात काय रं ते?"

"जवळा."

"आन् तू वीगन?"

"जवळा चवीला असतो."

 ज्याची अंडी सोडवली होती तो आधी हसला, आणि त्याच्यामागून अख्खं मैदान. मला लाज वाटायला हवी होती. मी दोडका संपवला.

त्या आठवड्यात जवळाही सोडला. घास तोंडात नुसता फिरायचा. जेवण निम्म्यावर आलं.

चौकला दुसऱ्याच चढाईत 'कबड्डी कबड्डी' म्हणता म्हणता आवाज बंद पडला. दम तुटला, मी बाद. समोरच्यांना मला धरावंही लागलं नाही. ते नुसते बघत उभे होते. कोचनं हातानंच बाहेर बोलावलं. माझ्या जागी अंडीवाला गेला. त्यानं सोमवारपासूनच परत खायला घेतली होती.

मी बाकावर बसलो. पाय माझेच होते, पण कुणीतरी सांभाळायला ठेवून गेल्यासारखे वाटत होते.

कोचनं मैदानावरची नजर न काढता सांगितलं, "तुज्या जागी नुसता जवळा उतरवला असता ना, तरी दोन पॉइंट आले असते."